काकांची बाजू घेणारे यंत्र

जगातली प्रत्येक निर्जीव वस्तू केवळ डोळा नसल्यामुळे मठ्ठ राहिली आहे आणि तिला एक कॅमेरा बसवला की ती शहाणी होते, असे मनापासून मानणारा एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आहे. ते माझ्या वडिलांचे स्नेही, आमचे काका. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचा रंगीत छायाचित्रांचा स्टुडिओ होता. मोबाइलने तो बंद पाडल्यावर काकांनी जणू सूड म्हणून मोबाइलचेच कॅमेरे उपटून घरातल्या वस्तूंना बसवायला सुरुवात केली. मी अमरावतीला प्रतिमा-प्रक्रिया या विषयात एम.टेक. करत असल्यामुळे त्यांच्या प्रयोगशाळेची, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या पडवीची, शास्त्रीय सल्लागार आपोआप मीच झाले. माझा एकही सल्ला त्यांनी ऐकला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

घाम दिसेल त्या चेहऱ्याकडे तोंड फिरवणारा कूलर हा त्यांचा पहिला शोध. भिंतीवरच्या तसबिरीतल्या आजोबांच्या कपाळाची चकाकी म्हणजे घाम, असे ठरवून त्याने अख्खा मे महिना आजोबांना वारा घातला. आम्ही खाली वर्तमानपत्राने वारा घेत बसलो. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या, तुमच्या आज्याले तरी सुख लागलं." पुढे चेहरा ओळखून नाव पुकारणारी दाराची घंटा आली. तिने दूधवाल्याला 'जावईबापू' अशी हाक मारली आणि तेव्हापासून तो दूध दिल्यावर चहासाठी रेंगाळू लागला. मी चुकांची कारणे विचारली, तेव्हा काकांनी सिद्धान्त मांडला, "यंत्र चुकत नाई पोरी. चुकला तं शिकवणारा चुकते. अन् शिकवणारा मी आहो."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीच चुकत नाई."

रंगांच्या बाबतीत तर त्यांचा शब्द अखेरचा असे. उभे आयुष्य त्यांनी नवरींच्या शालूंचे रंग कागदावर उतरवले होते. महत्त्वाची कोणतीही वस्तू ते डावा डोळा मिटून उजव्याने पाहत; कॅमेऱ्यामागे उभे राहून जडलेली ती सवय. अशा एका डोळ्याने त्यांनी गेल्या दोन वर्षांत पांढरा सदरा पिवळा धुतला जातो म्हणून तीनदा साबण बदलायला लावला, म्हशीच्या दुधात गाईचे मिसळतो म्हणून दूधवाल्याशी भांडण काढले आणि नव्या ट्यूबलाइटी दुकानदाराला परत केल्या. काकूंनी शेवटी सदरा त्यांच्या हाती दिला, "आता तुमीच धुवा अन् तुमीच पाहा."

अशात शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा व्यापाऱ्याने, ज्यांना सगळे चाचा म्हणत, त्यांच्याकडे एक यंत्र मागितले. या चाचांच्या लग्नाचे फोटो काकांनीच काढलेले. पट्ट्यावरून सरकणारी संत्री कॅमेऱ्याने पाहायची, कच्चे असेल तर लाकडी हाताने बाजूला ढकलायचे आणि निकाल मोठ्याने सांगायचा, असे ते यंत्र. काकांच्या आयुष्यातले हे पहिले गिऱ्हाईक. यंत्राला शिकवण्यासाठी हजारभर संत्र्यांवर 'कच्चं' की 'पक्कं' हे काकांनी एकट्याने लिहिले. अर्धी मी करते म्हटले, तर म्हणाले, "तुये डोये परीक्षेचे. माये धंद्याचे."

चाचांच्या शेडमध्ये यंत्राने हिरवट संत्री एकामागून एक पक्की म्हणून पुढे सोडली. चाचांनी एक उचलून शांतपणे विचारले, "काका, ये अपने को तो हरा दिखता. तुमारे मशीन को पक्का कैसा दिखता जी?"

"तुमच्या शेडातला उजेड खराब हाय."

"आठ दिन में फिर लाओ. उसके बाद माल निकल जाएगा."

आम्ही यंत्र घेऊन एसटीने परतलो. मी पुढचे चार दिवस उजेड, भिंग आणि प्रोग्रॅम तपासले. कुठेच दोष नव्हता. खरे तर अपघाती चुका दोन्हीकडे विखुरतात. इथे प्रत्येक चूक पिवळ्याच्या बाजूला झुकत होती. मी पडवीत डोके धरून बसले असताना काकूंनी दोरीवरचा सदरा आणला. काकांनी डावा डोळा मिटला आणि म्हणाले, "पुन्हा पिवया."

मी एक हिरवट संत्रे त्यांच्यासमोर धरले. "पक्कं," काका म्हणाले. मी त्यांचा उजवा डोळा तळव्याने झाकून डावा उघडायला लावला. मग त्यांनी माझा हात बाजूला करून, पुन्हा ठेवून, दोनदा खात्री केली.

"शिकवणाराच चुकला मंग," ते म्हणाले.

"शिकवणाऱ्याचा एक डोळा, काका."

यंत्र कमालीचे आज्ञाधारक निघाले होते. काकांच्या ज्ञानाबरोबर त्यांचा मोतीबिंदूही त्याने घेतला होता.

उरलेल्या दिवसांत काकांनी दुसरे यंत्र जोडले, त्यासाठी सगळी संत्री डाव्या डोळ्याने नव्याने पाहिली आणि अर्धी, न मागता, माझ्याकडे सरकवली. आठव्या दिवशी नव्या यंत्राने ढकललेल्या संत्र्यांचा ढीग चाचांनी चाळला आणि यंत्र ठेवून घेतले. मग शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर काकांनी सदरा उजेडात धरला आणि काकूंकडे न पाहता म्हणाले, "साबण चांगला हाय." दूधवाल्याला आता बसवून चहा मिळतो.

संत्र्यांचे पहिले यंत्र मात्र पडवीतच आहे. त्यात शिकवलेले पुसून टाकू का, असे मी विचारले होते. त्यांनी पुसू दिले नाही. पुढच्या महिन्यात मी संशोधनासाठी परदेशी जाणार आहे. यंत्रांच्या मनात बसलेली चुकीची समजूत कशी काढावी, हाच माझा विषय. निरोप घ्यायला गेले, तेव्हा काका पडवीत त्या यंत्रासमोर एक हिरवेगार संत्रे धरून बसले होते. 'पक्कं,' यंत्र म्हणाले. काकांनी ते संत्रे माझ्या हातात ठेवले.

"पाह्य," ते म्हणाले, "अख्ख्या अकोल्यात हे एकटंच अजून मायी बाजू घेऊन रायलं."