एकविसाव्या पानावरचा शिक्का

शाळेच्या लायब्ररीत बारा वर्षं बसलं की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पुस्तकांची निदान रजिस्टरला नोंद असते, किश्शांना कपाटही नाही. परवा मैत्रिणी म्हणाल्या, तुझ्याकडे मुलं एवढी गर्दी करतात, काय युक्त्या करतेस ते सांग. युक्त्या सांगते, पण प्रत्येक युक्तीबरोबर माझी एकेक भीतीही ऐकावी लागेल. मी मुळातच भित्री भागूबाई!

*

मी आले तेव्हा पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. मुलं काचेला नाक लावून नावं वाचायची आणि निघून जायची. गेल्या जूनमध्ये धीर करून मी पवार सरांना म्हटलं की कपाटं उघडी ठेवूया, मुलांना पुस्तकं हाताळू द्या. पवार सर आमचे सुपरवायझर. आवाज कधी चढवत नाहीत, म्हणून त्यांची जास्तच भीती वाटते.

ते म्हणाले, "ठेवा. मार्चमध्ये मी स्वतः मोजणार. पाच पुस्तकं गेली तर चालतील. सहावं गेलं की पुन्हा कुलूप, आणि ही खोली जादा तासाला."

खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी मात्र त्या दिवसापासून झोपेतही पुस्तकंच मोजत होते.

*

आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या एकविसाव्या पानावर शाळेचा शिक्का असतो. पहिलं पान फाडून कोणी पुस्तक आपलंच आहे म्हणू नये, म्हणून ही आतली खूण. पवार सर पुस्तक हातात घेतात ते थेट एकविसावं पान उघडतात. "शिक्का नाही ते पुस्तक शाळेचं नाही," असं त्यांचं ठरलेलं वाक्य आहे.

एकदा त्यांच्या हाती बालगीतांचं पुस्तक लागलं. त्यांनी पुढून चाळलं, मागून चाळलं. मी चाचरत सांगितलं की सर, याला सोळाच पानं आहेत.

"मग घेतलंच कशाला?" सर म्हणाले.

*

मुलांना "पुस्तकाबद्दल दोन ओळी लिहा" म्हटलं की सगळे "पुस्तक छान आहे" लिहून मोकळे होतात. म्हणून मी उलटं केलं. पुस्तक परत करताना मागच्या पानावर चिठ्ठी चिकटवायची आणि पुढच्या वाचकाला इशारा द्यायचा.

पहिलीच चिठ्ठी आली, "पान ३४ वर कुत्रं मरतंय. लई रडू येतंय. वर्गात वाचू नका." दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाला नऊजणांचा नंबर लागला! कोणीतरी भूमितीच्या गाइडलाही चिठ्ठी लावली होती, "पहिल्या पानापासूनच भीती." ती गणिताच्या मॅडमच्या नजरेला पडू नये म्हणून गाइड आठवडाभर माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

*

मुलांच्या आग्रहाने खिडकीखाली भुताच्या गोष्टींचा वेगळा कप्पा केला. पंधरा दिवसांत सहावीतल्या एका मुलाची आई दारात उभी. पोरगा रात्री एकटा बाथरूमला जाईना, म्हणाली. आता प्रकरण पवार सरांकडे जाणार, हे मी धरूनच चालले. पुस्तक परत पाठवते म्हणून बाई गेल्या आणि तीन आठवडे ना बाई, ना पुस्तक. मी मनात एक पुस्तक वजा केलं.

मग त्या स्वतःच घेऊन आल्या. "उशीर झाला मॅडम, याचे पप्पा वाचत होते. आता तेबी एकटे जात नाईत."

*

मार्च आला. मोजणीच्या आठवडाभर आधी मी गुपचूप मोजून पाहिलं. सहा पुस्तकं कमी! पाच कुठे गेली ते देवालाच ठाऊक. सहावं मात्र आठवीतल्या कोमलच्या नावावर होतं. कोमल हर्सूलहून यायची, तिथे मामाकडे राहायची. बोटीवरून एकटीच निघालेल्या मुलीची ती गोष्ट तिनं वर्षभरात पाच वेळा नेली होती.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. सरांची अट मुलांनाही ठाऊक होती. ती खाली मान घालून म्हणाली, "ते पुस्तक नाय आलं तर कुलूप लागंल, व्हय मॅडम?"

मी हो म्हणाले. म्हणायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून कोमल शाळेतच आली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. आता मला कुलपाची भीती राहिली नव्हती. एका पुस्तकापायी मी मुलीची शाळा तोडली, या विचाराने घास उतरत नव्हता. मामाचा फोन लावला, तो बंद होता.

*

मोजणीच्या दिवशी पवार सर सकाळीच खुर्ची टाकून बसले. मी रजिस्टरमधला नंबर वाचायचा, त्यांनी पुस्तक उघडून पाहायचं. दुपारपर्यंत पाच रकाने कोरे राहिले. शेवटच्या कपाटात कोमलच्या पुस्तकाचा नंबर आला. मी रजिस्टरचं पान उगाच मागेपुढे करत राहिले.

तेवढ्यात कोमल दारात आली. डोळे सुजलेले, बोटं निळ्या शाईने माखलेली. तिनं टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. कव्हरवर स्केचपेनने काढलेली बोट, खाली पुस्तकाचं नाव, पाठीवर आमचाच नंबर. आत पहिल्या ओळीपासून सगळी गोष्ट, प्रत्येक पानाला आकडा घातलेला.

मूळ पुस्तकाचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "कशात बघून लिहिलंस?"

"बघायला होतं कुठं मॅडम," ती म्हणाली.

मागच्या पानावर चिठ्ठी होती. "इशारा. वादळाची पानं नीट आठवली नाहीत. तिथं मी माझ्या मनानं लिहिलं आहे. सांभाळून घ्या."

सरांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग सवयीनं वही उघडून पानं मोजत गेले आणि थांबले.

"मॅडम, एकविसाव्या पानावर शिक्का नाही."

कोमलनं माझा पदर धरला.

सरांनी वही तशीच उघडी माझ्यापुढे सरकवली. "मारा."