घरात कुणाचे कान वाहतात?

आमच्या घरात पत्रकं आधी आली, पुस्तकं नंतर. बाबा केजच्या बाजारात जातीविरोधी चळवळीची पत्रकं वाटायचे आणि उरलेली मला मोठ्यानं वाचायला लावायचे. वाचताना मी त्यांच्या उजवीकडं बसायची. त्यांचा डावा कान लहानपणापासून वाहून निकामी झालेला, त्यात कायम कापसाचा बोळा. रक्तावरून माणसाची किंमत करणारा खोटारडा असतो, हे मी त्या पत्रकांतूनच शिकले. गावात आमच्या रक्ताबद्दल काय बोललं जायचं, तेही ऐकलेलं होतंच.

म्हणून ताईच्या मुलीचा डावा कान फुटला आणि ताई म्हणाली, "आपल्या घरातच हाय गं हे. बाबांचा, माझा, आता हिचा," तेव्हा मी भडकले.

"रक्तात काई नसतं! तू बी गावासारखीच बोलाय लागलीस का?"

"बरं बाई, भाषण नको. डॉक्टरकडं चल."

डॉक्टरांनी बॅटरी लावून कान पाहिला. "घरात आणखी कुणाचे कान वाहतात?"

ताईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "नाही. कुणाचेच नाही."

ताईनं माझ्याकडं पाहिलं आणि खाली मान घातली. घरात शिकलेली मी एकटीच. माझ्यापुढं ती बोलली नाही.

सर्दीमुळं झालंय, असं म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले. कान थांबला, पुन्हा वाहिला, पुन्हा थांबला. दर वेळी आम्ही तेच थेंब घालत राहिलो. दोन वर्षं. अंगणवाडीच्या बाईंनी पोरीला हट्टी ठरवलं, हाक मारली तरी ती वळत नव्हती. घरी मीही एकदा तिला त्यावरून चापट मारली आहे.

मग बीडला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी ताईनं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "या कानानं तिला आता फार कमी ऐकू येतं. काही घरांत हा धोका जन्मतःच जास्त असतो. आधी कळलं असतं तर आपण कानावर लक्ष ठेवलं असतं. यात कुणाचा दोष नसतो."



परवा मी बाबांना पत्रक वाचून दाखवत होते. पोर आली, आमच्या मधे घुसून बसली, मान वाकडी करून उजवा कान माझ्याकडं केला.

"मावशी, मोठ्यानं वाच की!"

बाबा हसले. "बघ, माझ्यावरच गेलीय."

मी मोठ्यानं वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला मी तिच्या उजव्या कानाजवळ सरकले.