तानाबाईंचं बोट

जोतिबाच्या पायऱ्यांवर माझं नारळाचं दुकान आणि शेजारी तानाबाईंचं गुलालाचं. बाई तोंडाची फटकळ, पण पुडी देण्याआधी गिऱ्हाइकाच्या कपाळाला स्वतःच्या बोटानं गुलाल लावणार म्हणजे लावणारच. त्यापायी माझी गिऱ्हाइकंही तिकडं सरकायची आणि माझं डोकं फिरायचं.

पुढं त्यांना मोतीबिंदू झाला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण बुबुळ ढगाळलं ते ढगाळलंच. तरी बाईंनी रीत सोडली नाही. एका सकाळी त्यांचं बोट कपाळ चुकून एका पोरीच्या डोळ्यात गेलं. डोळा धुतल्यावर पोर शांत झाली, पण तानाबाईंनी त्या दिवसापासून कुणाच्या कपाळाला हात लावला नाही. पुडी द्यायच्या आणि गप्प बसायच्या. एवढी बडबडी बाई गप्प बसलेली मला बघवेना.

सत्त्याऐंशी साली डावा डोळाही मोतीबिंदूनं अधू झाला, तेव्हा मीच त्यांना एसटीत बसवून कोल्हापूरला डॉक्टर श्यामला इनामदारांकडं नेलं.

“ह्योबी गेला तर?” तानाबाईंनी थेट विचारलं.

डॉक्टरांनी पाण्यासारखं स्वच्छ पण घट्ट, चिकट औषध दाखवलं. “आजी, बुबुळाला आतून नाजूक अस्तर असतं. ऑपरेशनात ते दुखावलं तर परत भरून येत नाही. पहिल्या डोळ्यात तेच झालं असावं. आता हे औषध आधी आत भरायचं, म्हणजे हत्यार किंवा आत बसवायचं भिंग अस्तराला घासत नाही. काम झालं की धुऊन काढायचं.”

“नक्की दिसंल?”

“नक्की कसं सांगू? पण आशा पुष्कळ आहे.”

“मग करा. खोटं बोलला असतासा तर मी उठून गेले असते.”

ऑपरेशननंतर गुलालापासून लांब राहायचा हुकूम होता. बाई गडमुडशिंगीला भाचीकडं राहिल्या. चैत्राच्या यात्रेत दोन्ही दुकानं सांभाळताना मी त्यांच्या नावानं बोटं मोडली. पण डोळा निवळत चाललाय असा निरोप आला, तेव्हा फार बरं वाटलं.

श्रावणात डॉक्टरीणबाई दर्शनाला आल्या, तेव्हा तानाबाई परत दुकानात बसायला लागल्या होत्या. तानाबाईंनी बोट गुलालात बुडवलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे गच्च मिटले.

“डोळं उघडं ठेवा की,” तानाबाई म्हणाल्या. “मला दिसतंय.”

डॉक्टरीणबाईंनी डोळे उघडले. बोट कपाळाच्या बरोबर मधोमध टेकलं. त्यांच्या मागं, नारळाचं दुकान तसंच टाकून, मी रांगेत उभा होतो.