माझ्या खात्यावर नाना

औशाच्या स्टँडवर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक लातूरच्या एसटीत चढवली, तेव्हा मी कानाला वॉकमन लावून रुसून बसले होते. त्यांनी खाली उतरून खिडकीतून हात घातला आणि वॉकमनच काढून घेतला. "क्लासला चाललीस का वरातीला?" एवढंच बोलले आणि गाडी सुटली. दहावीनंतर आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरापोरींची रवानगी लातूरला व्हायची. पहाटे क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. होस्टेलात गाणं म्हणून कधी कानावर पडलं नाही.

त्या क्लासच्या जोरावर बंगळूरपर्यंत पोहोचले आणि सगळी कसर भरून काढली. ऑफिसच्या कॅबमध्ये, कोडिंग करताना, भांडी घासताना, लेकीला झोपवताना, प्रत्येक मूडची माझी वेगळी प्लेलिस्ट आहे. आणि त्यातलं एकही गाणं धड पूर्ण होत नाही, कारण माझ्या खात्यावर नाना आहेत.

आई गेल्यावर नाना गावात एकटे राहिले, म्हणून मीच मोठ्या हौसेनं त्यांच्या फोनवर गाण्यांच्या ॲपचं माझं खातं सुरू करून दिलं. एका खात्यावर एका वेळी एकाच फोनवर गाणं वाजतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात होतं? तिकडे नानांनी कव्वाली लावली की इकडे माझं गाणं गप्प. लेकीच्या पापण्या जड झाल्यात, अंगाई रंगात आलीय, आणि थांबलीच. पोरगी टक्क जागी. वर ते ॲप मला रोज सकाळी काकडआरती सुचवतं.

बरं, बसून ऐकत असते तर एक वेळ समजू शकले असते. फोन खिडकीत वाजत ठेवून हे आपले गोठ्यात नाहीतर अंगणात! भूकंपानंतर सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलं, तेव्हापासूनची ही खोड. तेव्हा रेडिओ दिवसभर चालू असायचा. "आवाज आला की शेजाऱ्याला कळतं, आत माणसं हायेत," असं ते आईला सांगायचे. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण मीटिंगच्या आधी जरा डोकं शांत करायला बसावं आणि कव्वालीनं आपलं गाणं पळवावं, हे कुणाला सांगणार?

मग मी चिडून फोन लावायची. "नाना, बंद करा ते!"

"हाव, केलं बंद. जेवलीस का माय?"

त्यापुढे सोयाबीन, गुडघे, कुणाच्या नातवानं लातूरला कोणता क्लास लावला. फोन ठेवेपर्यंत लेकीची झोप आणि माझा राग, दोन्ही उडालेले असायचे.

शेवटी वैतागून दिवाळीत मी फॅमिली प्लॅन घेतला. नानांचं स्वतंत्र खातं उघडलं, शिकवलं. त्यांनी झटक्यात लावूनही दाखवलं. बंगळूरला परतले आणि काय सुख! गाणी शेवटपर्यंत वाजू लागली, अंगाई संपायच्या आत लेक झोपू लागली. नानांना फोन करायचं मात्र उद्यावर, मग रविवारवर, मग पुढच्या रविवारवर गेलं.

एक दिवस ऑफिसात गाणं पुन्हा मध्येच थांबलं. तणतणत फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"नाना, वेगळं खातं दिलं होतं ना? परत माझ्यात कसे आलात?"

"ते नवीन मला लई अवघड जातंय बघ. जुनंच लावलं." आणि लगेच, "जेवलीस का माय?"

अवघड म्हणे! आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस. नवीन खात्यातून बाहेर पडायचं, जुन्याचा पासवर्ड आठवून टाकायचा, हे बरं अवघड गेलं नाही! मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. मीटिंग सुरू झाली होती. मी म्हटलं, "जेवले. तुम्ही काय केलंत आज?"

माझ्यासारखं गाव सोडलेल्यांना लोक विचारतात, घराची आठवण येते का? अहो, आठवण काढायला सवड तर मिळाली पाहिजे. गाणं रंगात येतं आणि घरच मध्ये येऊन बसतं, न विचारता, नको तेव्हा. मला अजूनही संताप येतो. पासवर्ड मात्र मी बदललेला नाही.