क्रमांक त्रेचाळीस

पुण्याला वस्तुसंग्रहालयशास्त्रात एम.ए. करते आहे म्हटलं की आमच्या धामणगाव बढ्यातले लोक वडिलांना विचारायचे, "म्हंजे जुन्या भांड्याचं काई?" वडील म्हणायचे, "हाव, तसंच काई." त्यांना दोष देत नाही. फी भरून दोन वर्षं शिकत असूनही मला याहून बरं उत्तर देता येत नव्हतं.

शेवटच्या प्रकल्पासाठी मला खामगावातली एक बंद पडलेली जिनिंग मिळाली. कपाशीतून सरकी वेगळी काढायची तिथली यंत्रं भंगारात गेली होती, उरलंसुरलं एका खोलीत पडलं होतं. मालकांनी किल्ली दिली आणि भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत एवढं बजावलं. मी पांढरे हातमोजे घालून तेलाच्या बुधल्या, वजनं, तुटकी चाकं मांडली. प्रत्येकाला क्रमांक, फोटो, वर्णन, मालकी, सद्यस्थिती. रुबाब असा, जणू मी एखाद्या राजाचा खजिना मोजत होते.

त्यातलं माझं रत्न म्हणजे क्रमांक त्रेचाळीस. हातभर लांबीचा बाभळीचा दांडा, एक टोक चपटं, दुसऱ्या टोकावर डागून काढलेले दोन ठिपके आणि भेगांत जुनं कुंकू. फोटो बघून आमचे सर फोनवर ओरडलेच, "धार्मिक विधीतली वस्तू!" आमच्या विषयात जिचा उपयोग कळत नाही ती वस्तू धार्मिक असते. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण पाळतात सगळे. मी दांड्यावर अकरा पानं लिहिली. दोन ठिपके म्हणजे सूर्य आणि चंद्र, असंही ठोकून दिलं. मुखपृष्ठावर त्याचाच फोटो लावला. माझी पदवी त्या दांड्याला टांगलेली होती म्हणा ना.

खोली झाडायला एक मावशी यायच्या. त्यांना मी रोज शुद्ध पुणेरीत बजावायचे, "मावशी, कशालाही हात लावायचा नाही हं." मी मूळची इथलीच, पण हॉस्टेलच्या मुली 'मले-तुले'ला हसल्या आणि मी ते पहिल्याच महिन्यात टाकून दिलं होतं. मावशी वस्तूंच्या कडेकडेनं झाडायच्या.

दसरा झाला की परीक्षक येणार होते. खंडेनवमीला सकाळी मावशींना झाडायला सोडून चहाला गेले, परतले तर त्रेचाळीस पाण्यानं निथळत होता. वर ताजं हळदकुंकू, झेंडूचं फूल, शेजारी मावशी हात जोडून उभ्या. माझं डोकंच फिरलं. "अहो, काय केलंत हे! पुरावा खराब केलात तुम्ही!"

"पुजा केली. आज हत्याराची पुजा असते ना."

"हे हत्यार नाही, विधीचा दांडा आहे!"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मला हातमोज्यांची लाज वाटली. "काऊन वं पोरी, काय सांगतं? मशिनीत कापूस अटकला का याच्यानं लोटत होतो आमी. हात नाई घालाचा म्हनून. मालक थोडीच देत होता? घरून आनला म्या. हे दोन ठिपके माह्ये. शेजारनीचे तीन होते."

"आणि कुंकू?"

"दर खंडेनवमीले साऱ्या बाया आपापले दांडे एका जागी ठेवून पुजत होतो. जिन बंद पडली त्या साली पुजा झाली अन् फाटकाले कुलूप लागलं. दांडा आतमंदीच राह्यला."

बोलता बोलता त्यांनी दांडा उचलला. तेव्हा मला दिसलं, उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. तीन आठवडे त्या हातानं माझ्यासमोर झाडू मारला होता, आणि मी वस्तूंचं बारकाईनं निरीक्षण करत बसले होते.

"हे?" मी विचारलं.

"हे दांड्याच्या पयलेचे."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. "मग आधी का नाही सांगितलंत?" मी चिडून विचारलं. खरं तर स्वतःवरच चिडले होते.

"तू इचारलं कवा? तू तं म्हने हात लावू नका." मग दांडा पदराला पुसत त्या म्हणाल्या, "माह्या हाय तं नेऊ का घरी?"

ज्या वस्तूवर आपली मालकी सिद्ध होत नाही ती संग्रहात ठेवू नये, हे माझ्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात होतं. कुठून तरी उतरवलेलं, पण माझ्याच सहीचं. मुखपृष्ठ गेलं, अकरा पानं गेली.

"न्या मावशी," मी म्हटलं. "तुमचाच हाय."

परीक्षक आले, आधीच छापून झालेला प्रबंध चाळला आणि मुखपृष्ठावरची वस्तू कुठे आहे म्हणून विचारलं. सरांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी त्रेचाळीसची नवी नोंद पुढे केली. मालकी: खोली झाडणाऱ्या मावशी. उपयोग: बोटं वाचवणे. परीक्षकांनी चष्मा सारखा करून शेवटचा रकाना मोठ्यानं वाचला. मावशी आता त्या दांड्यानं गोधड्या धुतात, म्हणून सद्यस्थितीपुढे मी लिहिलं होतं: वापरात.