काळा सदरा

संग्रहालयात जुन्या चित्रांचे फोटो काढता काढता काकांचे केस पिकले. कामावर ते कायम काळा सदरा घालत. पांढऱ्या सदऱ्याचं प्रतिबिंब चित्रावरच्या काचेत उतरतं आणि फोटो पुन्हा काढावा लागतो.

आता त्यांच्याच एका फोटोवरून खटला उभा राहिला होता. फोटोतलं चित्र तीनशे वर्षांपूर्वीचं; एका शिक्षिकेनं तो फोटो मुलांच्या पुस्तकात छापला होता. चित्र सगळ्यांचं असेल, पण फोटोवर हक्क आमचा, पुस्तक मागे घ्या, असं संग्रहालयाचं म्हणणं. फोटोत आपली स्वतःची कला आहे, एवढीच साक्ष काकांनी द्यायची होती, म्हणजे तो हक्क कोर्टात टिकला असता.

"हो म्हणा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली. "नोकरीची मुदतवाढ तोंडाशी आलीय. उगाच विस्तवाशी खेळ कशाला?"

काका खुर्चीत टेकले. "त्या फोटोंत मी कुठेही दिसू नये म्हणून जन्मभर धडपडलो गं. आता त्यात मीच आहे म्हणून सांगू?"

"तुमचं हे असंच. लग्नाच्या फोटोतसुद्धा अर्धेच आलात."

हसायचं त्राण नव्हतं, तरी ते हसले.

कोर्टात त्यांनी तेच सांगितलं, घरी सांगितलं तसंच, थकल्या आवाजात. संग्रहालय खटला हरलं, पुस्तक बचावलं. मुदतवाढ मात्र आली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी काळा सदरा धुऊन आणला आणि कॅमेऱ्याच्या खोलीत खुंटीला अडकवून ठेवला. पुढच्या माणसाला लागणारच होता.