जास्तीचे अडतीस किलोमीटर

माझा दादा सदतीस वर्षं वजन-मापे खात्यात निरीक्षक होता. दुकानात शिरायचं, तराजूचं पारडं उलटं करायचं, खाली शिसं चिकटवलंय का ते नखाने खरवडून बघायचं, लिटरच्या मापाचा तळ ठोकून आत घेतलाय का ते तपासायचं, हेच काम. लोक त्याला माघारी 'काटा' म्हणत. निवृत्त झाला तेव्हा सरकारने ओळखपत्र परत घेतलं, संशय मात्र त्याच्याकडेच राहू दिला.

दूध तो घरी पुन्हा मोजायचा. औषधाच्या पाकिटातल्या गोळ्या मोजायचा, जणू त्यातली एखादी केमिस्टने वाटेत खाल्लीय. लग्न केलं नाही, कारण पाहिलेल्या प्रत्येक मुलीचं वय तिच्या घरच्यांनी कमी सांगितलंय अशी त्याची खात्री व्हायची. या सगळ्या तपासणीतून सुटलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे मी, त्याची धाकटी बहीण. मी आणलेली भाजी त्याने कधी वजनाला लावली नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तो सतराचा. त्यानेच मला वाढवलं. "हिला खोटं बोलताच येत नाही," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि खरं सांगते, मला ते ऐकायला फार आवडायचं.

त्याची गाडी बावीस वर्षांची, ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात. गुडघा कुरकुरायला लागल्यावर जुनीच बघून घेतली होती. तिची देखभाल कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमधला मिस्त्री करायचा. अकरा वर्षं करत होता. या अकरा वर्षांत काढलेला प्रत्येक जुना पार्ट तो दादाला पिशवीत घालून परत द्यायचा, कारण न दिल्यास काय होईल हे त्याला ठाऊक होतं.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दादा बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. जायच्या आदल्या दिवशीच मिस्त्रीने सर्व्हिसिंग करून गाडी आणून लावली होती. घरी आल्यावर पथ्यपाणी बघायला मी त्याच्याकडे राहायला गेले. टाके सुकले, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि दादा किल्ली घेऊन खाली उतरला. दहा मिनिटांत परत वर आला.

"कुणीतरी गाडी चालवलीय," तो म्हणाला. "अडतीस किलोमीटर जास्त आहेत. मी आकडा लिहून ठेवला होता."

माझ्या हातातली उलथनी तशीच राहिली.

"आणि बिघडवलीय. पुढच्या गिअरला टाकली की जागची हलत नाही. एक, दोन, तीन म्हणायचं, मग धक्का देऊन निघते. हे मिस्त्रीचंच काम. सर्व्हिसिंगला किल्ली त्याच्याकडे होती. दुसरी करून घेतली असणार."

आता सांगून टाकते. गाडी मी नेली होती. दादा हॉस्पिटलमध्ये असताना इमारतीची टाकी धुवायला टँकर आत यायचा होता आणि वॉचमनने गाडी हलवायला सांगितलं. त्याच्या घरातून किल्ली घेऊन उतरले, तर बॅटरी पार झोपलेली. रस्त्यावर ठेवली आणि कुणी ओरखडा काढला, तर हा माणूस टाके सांभाळत उठून येईल, ही भीती. म्हणून एका टेम्पोवाल्याला गाठलं, दोरी बांधली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि गाडी ओढत माझ्या घरी नेली. स्टिअरिंगवर मीच होते. ब्रेक दगडासारखा, स्टिअरिंग जड, आणि टेम्पोवाल्याला कुठली घाई झाली होती देव जाणे. चार दिवसांनी बॅटरी चार्ज करून मी ती चालवत परत आणली आणि होती तिथे लावली. निघताना जरा अडखळत होती, पण जुनी गाडी म्हणून मी लक्ष दिलं नाही. वॉचमनला म्हटलं, "साहेबांना सांगू नकोस, उगाच डोक्याला ताप."

त्या दिवशी स्वयंपाकघरात हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण दादाने मला विचारलंच नाही. सगळ्या जगाला विचारणार होता, मला नाही. मग मीही म्हटलं, होईल शांत दोन दिवसांत. गाडी ओढण्याचा आणि गिअरचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

दादा शांत झाला नाही. त्याने तपास सुरू केला. रोज सकाळी चहा झाला की वही, पांढरा रुमाल आणि चष्मा घेऊन खाली. मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही, दुसऱ्या गॅरेजवाल्याला तर नाहीच. "ते सगळे एकमेकांना सामील असतात." गाडी गरम करायची, इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर ओढायची, रुमालाला पुसायची, पुन्हा घालून पुन्हा काढायची. तेल खुणेच्या खाली होतं. रंग लाल हवा, तो चहासारखा झालेला. त्याने ते हुंगलं, मलाही हुंगायला लावलं. जळकट वास होता. एक थेंब पांढऱ्या कागदावर सोडून तो उन्हात धरला, तर त्यात बारीक काळा चुरा.

मग मला शेजारी बसवून तो गाडी रस्त्यावर काढायचा. "ऐक, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ऐक." इंजिन उगाच ओरडायचं आणि गाडी मात्र होती त्याच चालीने जायची. "घसरतोय. आतल्या चकत्या जळल्यात. रिव्हर्स बघ, ठीक आहे." वहीत तारीख, वेळ, किती सेकंद, सगळं. खोटं कशाला बोलू, तो हुशारीने शोधत होता. फक्त चुकीच्या माणसाला शोधत होता.

वॉचमनला त्याने तीनदा विचारलं. वॉचमन बिचारा माझ्या शब्दाला जागला, "मला नाही माहीत साहेब," म्हणाला आणि नजर चुकवली. झालं. वॉचमनही मिस्त्रीला फितूर ठरला.

मिस्त्री स्वतःहून आला, तर दादाने त्याला दारातच उभं केलं.

"साहेब, एकदा बघू तरी द्या. तेल मी भरून दिलं होतं, खुणेपर्यंत."

"मग गेलं कुठे?"

"सील गेलं असेल, गळलं असेल. जुनी गाडी आहे."

"अडतीस किलोमीटर कुठे हिंडलास?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी दादाने एक पानभर मजकूर लिहिला. मिस्त्रीने ग्राहकाची गाडी विनापरवाना वापरली, तेल कमी ठेवलं, गिअरबॉक्स जाळला, तरी सर्वांनी सावध राहावं. आसपासच्या चार इमारतींच्या फलकांवर रविवारी सकाळी तो लावायचा होता. मिस्त्रीचं सगळं काम याच चार इमारतींवर चालायचं. आणि दादाचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का. कागद लागला की ती शेड बंद पडणार, हे सांगायला कुणी नको होतं.

"पण तेल थोडं कमी असलं म्हणून एवढं जळतं?" मी विचारलं. तेवढीच एक फट शोधत होते.

दादा खूश झाला. त्याने वहीत चित्र काढलं. "हा पंप. इंजिन फिरलं की हा फिरतो, मगच तेल आत सगळीकडे जातं. इंजिन बंद, की पंप बंद. पंप बंद, की तेल बंद."

"आणि इंजिन बंद असताना चाकं फिरली तर?"

"ती कशी फिरतील? कुणी दोरीने ओढत नेली तरच. मग आतलं सगळं कोरडं घासत जाणार. पण ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायला माणूस गाढवच हवा."

तिथेच बोलायला हवं होतं. बोलले शनिवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तो त्या कागदाच्या चार प्रती काढत असताना.

"दादा, ते गाढव मी आहे."

सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पेनचं टोपण लावलं आणि माझ्याकडे अगदी मायेने बघितलं.

"मिस्त्री तुला भेटला होता ना? रडला असेल. बायकोपोरांचं सांगितलं असेल."

"कुणी भेटलं नाही! मी ओढली गाडी!"

"तुला खोटं बोलता येत नाही. उगाच प्रयत्न करू नकोस."

मग मात्र माझं डोकं सटकलं. "साऱ्या मुलखावर संशय घेतोस आणि खरी चोर समोर उभी राहून ओरडतेय तर तिच्यावर विश्वास नाही तुझा? तुझ्या घरापासून माझं घर किती लांब आहे, सांग!"

"एकोणीस कि..."

त्याने वही ओढली. एकोणीसखाली एकोणीस लिहिले, बेरीज केली, पुन्हा केली. मग चष्मा काढला, पुसला आणि घातला. त्याचा आवाज बदलला. दुकानदारांशी बोलतानाचा तो आवाज मी लहानपणी दाराबाहेर उभी राहून ऐकला होता. माझ्याशी तो त्या आवाजात कधी बोलला नव्हता.

"टेम्पो कुठला होता? गिअर कशात होता? दोरी कुठे बांधली? वेग किती होता?"

मी एकेक उत्तर देत गेले, तो लिहीत गेला. मग त्याने चारही प्रती फाडल्या. मिस्त्रीला फोन लावला आणि उभा राहून बोलला, "चूक माझी झाली. तू चोर नाहीस. सोमवारी येऊन गाडी घेऊन जा." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण दादा बराच वेळ नुसता हं, हं करत होता. वाटलं, आता रागावेल, दोन शब्द सुनावेल, मी रडेन आणि संपेल.

तो रागावला नाही. खुर्चीत बसला, वहीचं नवं पान काढलं आणि वर माझं नाव लिहिलं.

"वॉचमनला गप्प तू बसवलंस. मिस्त्री दारात होता तेव्हाही तू गप्प होतीस. जवळजवळ महिना झाला." त्याने पेन उचललं. "यापूर्वी काय काय सांगितलं नाहीस मला?"

"काही नाही रे दादा."

त्याने ते लिहून घेतलं. 'काही नाही.' मग त्या शब्दांपुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं.